शकूचा केसपेपर

कर्वेनगर, पुणे
१२ ऑक्टोबर १९८७

श्री. सर्जेराव कोंढरे यांना नमस्कार.

पाकिटावरचं माझं नाव वाचून हे पत्र न फोडता बाजूला ठेवावं असं तुम्हाला वाटलं असेल. तसं वाटलं तर त्यात चूक नाही. पण एकदा शेवटपर्यंत वाचा.

कात्रजच्या चौकात माझा दवाखाना होता तेव्हा तुमची बहीण शकू सात-आठ महिने माझ्याकडे औषधाला येत होती. ती गेली त्याला येत्या महिन्यात आठ वर्षं होतील. मी चार वर्षांपूर्वी दवाखाना बंद केला आणि इथे राहायला आले.

जानेवारीच्या ९, १० आणि ११ तारखेला पुण्यात डॉक्टरांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरते आहे. विषय आहे चयापचयाचे आनुवंशिक आजार. म्हणजे खाल्लेल्या अन्नातली एखादी गोष्ट शरीराला जन्मापासूनच हाताळता येत नाही, ती आत साठत जाते आणि घात करते. माझा भाचा श्रीधर लहान मुलांचा डॉक्टर आहे आणि परिषदेच्या व्यवस्थेत आहे. रुग्णांच्या घरच्यांसाठी मराठीत माहितीपत्रक हवं होतं, ते काम त्याने माझ्यावर टाकलं. ते करताना एका आजाराशी येऊन थांबले. विल्सनचा आजार म्हणतात त्याला. यात अन्नातलं तांबं शरीराबाहेर पडत नाही. आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. ऐन शाळेच्या वयात हात थरथरायला लागतो, अक्षर बिघडतं, जीभ जड होते, तोंडातून लाळ गळते. शकूला समोर बसवून कुणी लिहावं तसं ते वर्णन आहे.

त्या वेळी निदान होऊ शकलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण लिहिण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. हा आजार ज्या घरात एकाला असतो, तिथे प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. वरून काही दिसत नसतानाही असू शकतो. आणि यावर औषध आहे. वेळेत सापडला तर माणूस जगतो, चांगला जगतो. परिषदेत रविवारी, १० जानेवारीला, अशा घरांतल्या माणसांची तपासणी ठेवली आहे. तुम्ही आणि धाकटी बहीण प्रेमला, दोघांनी यावं. तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी कात्रजला येऊन आईंना सगळं समजावून सांगेन.

आपली,
डॉ. पद्मजा सबनीस


कात्रज
२९ ऑक्टोबर १९८७

डॉ. सबनीसबाई यांस नमस्कार.

पत्र दिवाळीच्या आधीच मिळालं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्यातलं एक वाक्य दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही.

'त्या वेळी निदान होऊ शकलं नाही' असं तुम्ही लिहिलंय. निदान झालं होतं. तुम्हीच केलं होतं. आईला आत बोलावून तुम्ही म्हणालात, "पोरीला शरीराचं काही झालेलं नाही. शाळा नको आहे तिला, म्हणून नाटक चाललंय. लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल." मी दारात उभा होतो. एकोणीस वर्षांचा होतो, सगळं कळत होतं.

आईनं तुमचं ऐकलं. डॉक्टरबाईंचं कोण ऐकत नाही? शकूच्या हातातून ताट पडलं की आई तिलाच सांडलेलं उचलायला लावायची. एकदा जेवताना लाळ गळाली म्हणून आईनं तिच्या तोंडात मारली. शकू नुसती बघत राहिली. तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. त्यानंतर दोन महिन्यांनी ती गेली.

आई आजही म्हणते, पोर हट्टानं गेली. त्या एका समजुतीवर ती उभी आहे. ती समजूत काढून घ्यायला तुम्ही आमच्या घरी येऊ नका, एवढीच विनंती आहे.

दुसरं असं की प्रेमलाचं लग्न ठरलंय. खेड शिवापूरला मामांच्या मच्छिंद्रशी, माघात. आमचे वडील कै. दत्तोबा म्हणजे आईचे आतेभाऊच, तेव्हा घरातल्या घरात देणंघेणं आमच्याकडं पहिल्यापासून आहे. अशा वेळी घराण्यात आजार आहे असा बोभाटा झाला तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको.

आम्ही दोघं भावंडं ठणठणीत आहोत. मी डेअरीत दूध तपासायच्या कामावर आहे, कामही नीट चाललंय. परिषदेत दाखवायला तुम्हाला दुसरी माणसं मिळतील.

अक्षर लागलं नाही तर समजून घ्या, पेन नवं आहे.

सर्जेराव दत्तोबा कोंढरे


कर्वेनगर
४ नोव्हेंबर १९८७

श्री. सर्जेराव यांना,

तुमची दुरुस्ती मान्य आहे. ते वाक्य मी तीनदा लिहून बघितलं होतं आणि तिन्ही वेळा त्यातून स्वतःला वगळलं होतं. आता सरळ लिहिते. शकूला हिस्टेरिया आहे, म्हणजे सगळं मनाचं आहे, असं मी ठरवलं. ती माझी चूक होती.

मी जुने केसपेपर टाकलेले नाहीत. तुमचं पत्र आल्यावर ट्रंक उघडून शकूचा शोधला. त्यात माझ्याच हातचं आहे: 'दोन्ही डोळ्यांत बुबुळाच्या कडेने तपकिरी झाक.' पुढच्याच ओळीत: 'हिस्टेरिया. आईला समजावलं.' श्रीधरने माहितीपत्रकासाठी आणलेल्या कागदांत एका डोळ्याचं चित्र आहे. बुबुळाभोवती तपकिरी-सोनेरी कडं. तांबं साठल्याची ती खूण. मी ती बघितली होती, लिहूनही ठेवली होती, आणि ही कुठून आली असा प्रश्न स्वतःला विचारला नाही. आजार मला माहीत नव्हता हे खरं. पण माहीत नाही असं म्हणता आलं असतं. मोठ्या हॉस्पिटलात पाठवता आलं असतं. त्याऐवजी मी एका चौदा वर्षांच्या मुलीला खोटं ठरवलं.

आता जे लिहिते त्याचा राग येईल. त्याच ट्रंकेत तुमचं एक जुनं पोस्टकार्ड निघालं, नोव्हेंबर १९७९ चं. 'शकू काल सकाळी गेली. तुम्हाला कळवावं असं आई म्हणाली.' मोकळं, टपोरं, एका रेषेत बसलेलं अक्षर. त्याच्या शेजारी मी तुमचं परवाचं पत्र ठेवलं. पेन नवं असेल तर पहिल्या ओळीपासून त्रास देतं. तुमची पहिली ओळ चांगली आहे. तिथून अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलंय. शेवटच्या पानावर अक्षरं एकमेकांवर चढली आहेत.

सर्जेराव, हात पुढे धरला की थरथरतो का? कप बशीत ठेवताना वाजतो का? माणसं तुम्हाला एकच गोष्ट पुन्हा बोलायला लावतात का?

मला उत्तर देऊ नका हवं तर. पण स्वतःला द्या.

पद्मजा सबनीस


कात्रज
२६ नोव्हेंबर १९८७

डॉक्टरबाई, सा. नमस्कार.

मी प्रेमला, सर्जेरावदादाची धाकटी बहीण. लहानपणी तुम्ही मला गोवराचं औषध दिलं होतं. हे पत्र दादाला न सांगता लिहितेय.

तुमचं पत्र दादानं वाचलं आणि फाडलं. चुलीत टाकणार होता, तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली. मी तुकडे गोळा केले आणि शिवणवर्गाच्या वहीत चिकटवले. रात्री सगळं वाचून काढलं.

दादानं तुम्हाला काम नीट चाललंय असं लिहिलं असेल तर ते खरं नाही. श्रावणात त्याला तपासणीवरून काढून क्रेट मोजायला बसवलं. त्याच्या हातून काचेच्या नळ्या फुटायच्या, वहीतले आकडे कुणाला लागायचे नाहीत. घरी येऊन म्हणाला, मीच बदली मागून घेतली. जेवताना तो हल्ली भिंतीकडं तोंड करून बसतो. बोलतो ते तोंडात सुपारी धरल्यासारखं. गावात सगळे म्हणतात सर्जा प्यायला लागला. आईनं पण तेच धरलंय. पण मी त्याचे कपडे धुते, त्याच्या शेजारी बसते, दारूचा वास मला एकदाही आलेला नाही.

शकूताई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. तिचं मला फार आठवत नाही, पण तिचं चालणं आठवतं. पाय टाकायच्या आधी थोडी थांबायची. परवा दादा विहिरीकडून येत होता, तेव्हा तो तसाच थांबला.

मला दोन गोष्टी खऱ्या सांगा. औषधानं माणूस खरंच बरा होतो का? आणि हे मला असलं तर? दादा नाही आला तरी मी येणार आहे. उत्तर खाली दिलेल्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर टाका, घरच्या नको.

तुमची,
प्रेमला


कर्वेनगर
३० नोव्हेंबर १९८७

चि. प्रेमला,

तू तुकडे जोडलेस, फार मोठं काम केलंस.

पहिल्याचं उत्तर. औषधं आहेत. साठलेलं तांबं लघवीतून बाहेर काढणाऱ्या गोळ्या आहेत. त्या जन्मभर घ्याव्या लागतात, एकही दिवस चुकवून चालत नाही. सुरुवातीला काहींचा त्रास आधी वाढतो आणि मग उतरतो. झालेलं सगळं नुकसान भरून येईल असं मी म्हणणार नाही. पण चालती-बोलती, कामावर जाणारी माणसं आहेत, आणि त्यांतली काही या परिषदेत येणार आहेत.

दुसऱ्याचं उत्तर. तुला आजार नसण्याची शक्यता चारात तीन आहे. पण हा आजार आई आणि वडील, दोघांकडून एकेक दोष आला तरच होतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, फक्त तो पुढे मुलाबाळांत जाऊ शकतो. तसा तो तुझ्यात आहे की नाही, हे सांगणारी तपासणी आज आपल्याकडे नाही. तुमच्या घरात नात्यातच लग्नं होत आली आहेत. मामांच्या घरातही तो असू शकतो. मच्छिंद्रशी लग्न कर किंवा करू नको असं मी सांगणार नाही, पण हे माहीत नसताना तू त्या मांडवात उभी राहू नयेस.

आता माझी एक अट आहे. हे पत्र दादाला दाखव. त्याच्या आजाराबद्दल त्याच्या पाठीमागे मी तुझ्याशी बोलत राहणार नाही. मी एकदा एका मुलीला बाहेर बाकावर बसवून तिच्याबद्दल तिच्या आईशी बोलले होते. पुन्हा तसं करायचं नाही.

पद्मजा सबनीस


कात्रज
२० डिसेंबर १९८७

डॉ. सबनीसबाई यांस,

प्रेमलानं तुमचं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "फाड आता, मी परत चिकटवीन." दहा दिवस मी तिच्याशी बोललो नाही. आता लिहायला बसलोय.

तुमचं पहिलं पत्र येण्याआधीच मला कळलं होतं. आजाराचं नाव माहीत नव्हतं, पण हे शकूचंच आहे हे कळलं होतं. उन्हाळ्यात पहिल्यांदा नळी हातातून सुटली, तेव्हा मी हाताकडं बघितलं आणि मला माझा हात दिसलाच नाही, तिचा दिसला.

मग डेअरीत बोलायला लागले, कोंढरे घेऊन येतो. मी नाही म्हणालो नाही. ते आईच्या कानावर गेलं. आईनं विचारलं, "पितूस का रं?" मी मान खाली घातली. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही, बाई.

का केलं ते सांगतो. पिणारा मुलगा आई सोसेल. गावात निम्म्या आया सोसतात. शिव्या देईल, रडेल, पण दोष माझा राहील. मला आजार आहे असं कळलं तर ती विचारणार, कसला? आणि मला जे झालंय तेच शकूला झालं होतं हे ज्या दिवशी तिला कळेल, त्या दिवशी तिला तो हात उगारलेला आठवेल. शकू नाटक करत होती म्हणून मारलं, एवढं तिच्याजवळ आहे. तेही गेलं तर तिच्याजवळ काय राहील?

म्हणून मी गप्प होतो. असंच जाऊ द्यावं असंही वाटलं होतं.

पण काल प्रेमलानं भाकरी वाढली आणि मला घास नीट गिळता येईना. ती काही न बोलता उठली आणि भाकरी दुधात कुस्करून घेऊन आली. आईनं ते बघितलं. शकूला शेवटी असंच देत होतो. आई माझ्याकडं बघत राहिली आणि मग पाठ करून भांडी घासायला बसली. मला वाटतं तिला कळायला लागलंय आणि तिला कळून घ्यायचं नाही.

मला मरायचं नाही, डॉक्टरबाई. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. एवढंच सांगा, उशीर झालाय का?

सर्जेराव


कर्वेनगर
२३ डिसेंबर १९८७

प्रिय सर्जेराव,

मला माहीत नाही. आठ वर्षांपूर्वी हेच तीन शब्द म्हणायला मी कचरले, म्हणून आज ठासून म्हणते, मला माहीत नाही. पण तुम्ही अजून चालता, कामावर जाता, चार पानी पत्र लिहिता. श्रीधर म्हणतो, आशा धरायला हे पुष्कळ आहे. त्याने तुमचं आणि प्रेमलाचं नाव यादीत घातलं आहे.

आईंना घेऊन या. त्यांना सांगायचं काम तुमचं नाही, प्रेमलाचंही नाही. हात त्यांचा होता, पण तो उगारायला मी सांगितलं होतं. तेव्हा त्यांच्यासमोर मीच बसले पाहिजे. त्या मला काय बोलतील ते बोलू देत.

रविवारी सकाळी नऊला मी सभागृहाच्या फाटकाशी उभी राहीन. स्वारगेटला उतरलात की रिक्षा करा, चालत येऊ नका.

पद्मजा सबनीस


कात्रज
१५ जानेवारी १९८८

डॉक्टरबाई,

काल संक्रांत झाली. तुमच्यासाठी तिळगूळ म्हणून गुळाच्या वड्या काढून ठेवल्यात. त्यांत तीळ नाहीत, शेंगदाणे नाहीत. दोन्हींत तांबं जास्त म्हणून तुम्ही दादाला नको म्हणालात, तर आईनं कुणालाच घातले नाहीत. तांब्याची घागर आणि घंगाळ तिनं माळ्यावर टाकलं. भांड्यांमुळं आजार होत नाही, हे मी तिला चार वेळा सांगितलं. ती म्हणते, असू दे, मला बघवत नाही.

तुम्ही बाहेर आईजवळ होता, तेव्हा आत काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. आधी माझे डोळे बघितले. अंधारी खोली, यंत्रावर हनुवटी ठेवायची, आणि डोळ्यांत उजेडाची बारीक चीर. तपासणारे परदेशी डॉक्टर उंच आहेत, त्यांना पार वाकायला लागत होतं. माझ्या डोळ्यांत काही निघालं नाही. मग दादा बसला. त्यांनी एकदा बघितलं, यंत्र थोडं सरकवलं, परत बघितलं आणि श्रीधर डॉक्टरांना इंग्रजीत हळू काहीतरी म्हणाले. श्रीधर डॉक्टरांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मला कळलं.

बाकीचे डॉक्टर मागं उभे होते, सात-आठ जण, वेगवेगळ्या देशांचे. त्यांना पण ते कडं बघायचं होतं. श्रीधर डॉक्टर दादाला म्हणाले, "तुम्हाला त्रास होत असेल तर यांना नाही म्हणून सांगतो." मला वाटलं, दादा उठून जाणार. त्यानं एकदा तुम्हाला लिहिलं होतं ना, परिषदेत दाखवायला दुसरी माणसं बघा म्हणून. पण तो बसून राहिला. म्हणाला, "बघू द्या सगळ्यांना. माझ्या बहिणीचं कुणी बघितलं नाही."

श्रीधर डॉक्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं. मग एकेक जण आला, आणि प्रत्येकानं बघून झाल्यावर दादाला हात जोडले.

माझ्या रक्ताचा आणि लघवीचा निकाल काल आला. मला आजार नाही. दादाच्या गोळ्या सोमवारपासून सुरू होतील. बाहेर आईशी काय बोलणं झालं? ती काही सांगत नाही. रिक्षात तिनं पदराची गाठ मुठीत धरली होती, ती घर येईपर्यंत सोडली नाही.

प्रेमला


कर्वेनगर
१९ जानेवारी १९८८

चि. प्रेमला,

तू विचारलंस म्हणून लिहिते. दादालाही वाचून दाखव.

तुम्ही आत गेलात आणि तुमच्या आई, तुळजाबाई, व मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी बरंच पाठ करून आले होते. त्यातलं काही आठवेना. त्यांनीच विचारलं, "बाई, आज तरी खरं सांगा. माझी शकू खोटं वागत हुती का न्हवती?"

मी म्हटलं, "नव्हती. तिला आजार होता. मला कळला नाही, आणि मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

चहाची सुट्टी झाली होती, छातीवर बिल्ले लावलेली माणसं बोलत आमच्यासमोरून जात होती. ती पुढे गेल्यावर तुळजाबाई म्हणाल्या, "तिला दुखत हुतं?"

नाही म्हणायचा मोह झाला, प्रेमला. पण मी म्हटलं, "हात आखडायचे तेव्हा दुखत असणार."

"मी मारलं तिला."

"मी सांगितलं म्हणून मारलंत. तो दोष माझा आहे."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. म्हणाल्या, "तुमी सांगितलं. पर हात माझा हुता. तुमचं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, माझं माझ्यापाशी. माझं बी तुमी उचलू नका."

मी चाळीस वर्षं माणसं बघितली, पण असं मला कुणी सांगितलं नव्हतं. क्षमा मागायला गेले होते आणि त्यांच्या वाट्याचं दुःखसुद्धा माझ्या नावावर करून मोकळी होऊ पाहत होते, हे मला तिथे समजलं.

शकूचा केसपेपर पिशवीत होता. त्यांनी तो हातात घेतला आणि विचारलं, "काय लिवलंय ह्यात?" मी सगळा वाचून दाखवला. हिस्टेरिया म्हणजे काय, तेही सांगितलं. "खोडा ते," म्हणाल्या. मी पेन काढून तो शब्द त्यांच्यासमोर खोडला. वर आजाराचं खरं नाव लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. "आता परत वाचा. पयल्यापास्नं." मी वाचलं: शकुंतला दत्तोबा कोंढरे, वय चौदा, राहणार कात्रज. विल्सनचा आजार.

त्यांनी कागदाची घडी केली आणि पदराला बांधली. तू बघितलीस ती गाठ तीच.

पद्मजा सबनीस


कर्वेनगर
१४ सप्टेंबर १९८८

प्रिय सर्जेराव,

परवा तुमचे मामा धाकट्या मुलीला, उल्काला, घेऊन श्रीधरकडे आले होते. मच्छिंद्रही सोबत होता. मामा अचानक कसे तयार झाले ते मला माहीत नाही, पण बरं झालं आले. मच्छिंद्र निरोगी आहे. उल्काला आजार आहे. नऊ वर्षांची पोर, वरून काही दिसत नाही, डोळ्यांत कडं नाही, फक्त रक्तात आणि लघवीत सापडलं. म्हणजे मेंदूला अजून झळ लागलेली नाही. उद्यापासून औषध सुरू होतंय.

तुळजाबाईंना हे पत्र आजच वाचून दाखवा.

पद्मजा सबनीस


कात्रज
१८ सप्टेंबर १९८८

डॉक्टरबाईंना सर्जेरावचा नमस्कार.

हे पत्र दोन दिवस थोडं थोडं लिहितोय. पहिले तीन महिने वाईट गेले ते तुम्ही बघितलंच आहे. आईनं मला चमच्यानं भरवलं, आणि गळालं तर पुसून परत भरवलं. ज्येष्ठापासून उतार पडला. आता डेअरीत दुधाच्या आवकेच्या खिडकीवर बसवलंय, काम झेपतं. मी पीत नाही हे आई घरोघर जाऊन सांगून आली. मला फार लाज वाटली, पण ती थांबली नाही.

मामा कसे आले ते सांगतो. माघातलं लग्न मोडलं, ते तुम्हाला माहीत आहे. प्रेमलानं स्वतः मच्छिंद्रला बोलावून सगळं सांगितलं होतं. तो ऐकून घेणारा मुलगा आहे, पण मामी भडकली. आमच्या घराण्याला डाग लावता म्हणाली. जाणंयेणं बंद झालं. प्रेमलाला वाईट वाटलं, पण तिनं ते धरून ठेवलं नाही. ती आता शिवणवर्गात शिकवते.

राखी पौर्णिमेला आई सकाळीच उठून म्हणाली, भावाकडं जाते. मी म्हणालो, दारातून परत पाठवतील. ती एकटीच एसटीनं गेली. मामी बाहेर आली नाही. आईनं मामांना राखी बांधली, ओवाळलं, आणि मामा खिशात हात घालायला लागले तर म्हणाली, "मला लुगडं नको, पैसा नको. तुझी दोन्ही लेकरं डाक्तरला दाव. हीच माझी ओवाळणी." मामा म्हणाले, पोरं चांगली खेळत्यात, कशाला दाखवायची? तेव्हा आईनं पदराची गाठ सोडली, तो कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि शकूला आपण मारलं होतं हे मामांना सांगितलं. आतापर्यंत तुम्ही सोडून हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, आम्हालासुद्धा नाही. मामी दाराआड ऐकत होती, हे सगळं मच्छिंद्रनं मला सांगितलं. पंधरा दिवसांनी मामीनंच मामांना पोरांना घेऊन पाठवलं.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. आई ज्वारी पाखडत होती. मी वाचून दाखवलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजी उल्काला काय व्हणार न्हाई?"

"गोळ्या रोज घेतल्या तर नाही."

"हात ऱ्हातील?"

"राहतील."

"बोलंल?"

"बोलेल, आई."

ती उठली आणि मागच्या दारी जाऊन पायरीवर बसली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला. आधी मला कळलं नाही, कारण तो आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. शकूला उचललं त्या दिवशी गावातल्या बायका रडल्या, आई रडली नव्हती. आता ती शकूचं नाव घेऊन रडत होती. प्रेमला उठायला लागली, तर मी तिचा हात धरून खाली बसवली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसून राहिलो, आईचं रडणं पुरतं होईपर्यंत.

तुमचा,
सर्जेराव